वेगळी आवृत्ती काढू नका, मूळ प्रकल्पातच काम करा

तुमच्या दवाखान्यात बहमनी (रुग्णालयाचं काम चालवणारं, कोड सर्वांना खुला असलेलं सॉफ्टवेअर) बसवायचंय आणि निधी देणारी कंपनी म्हणतेय की आमच्या नावाची वेगळी आवृत्ती काढा, हे वाचून राहवलं नाही. आमच्या संस्थेने हेच भोगलंय. सर्व्हर, बॅकअप वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात जात नाही.

आम्हाला सर्वात महाग पडला तो एका कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांना निधी देणारा विभाग (नाव घेत नाही). अहवालात दाखवायला त्यांना 'नवीन' काहीतरी हवं होतं. त्यांनी नेमलेल्या व्हेंडरने कोडची प्रत काढून सगळे बदल तिथेच केले, मूळ प्रकल्पाकडे एकही पाठवला नाही. उद्घाटन झालं, मार्चअखेर निधी थांबला. पुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या आल्या, पण आमचा कोड कुठेच जुळेना. देखभालीसाठी पैसे मागितले, तर म्हणाले, 'ते आमच्या धोरणात बसत नाही.' सिस्टरना पुन्हा रजिस्टर काढावं लागलं आणि सिकलसेलच्या रुग्णांचा पाठपुरावा विस्कटला. त्याचा राग अजून जात नाही.

बहमनी छत्तीसगडमध्ये गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयासाठी थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीने उभं केलं. त्यात रुग्णनोंदी ओपनएमआरएसवर, प्रयोगशाळा ओपनईएलआयएसवर, बिलं आणि औषधसाठा ओडूवर. वेगळी वाट धरलीत, तर या सगळ्या खुल्या प्रकल्पांच्या पुढच्या कामाला मुकाल.

माझं ठाम मत: संस्थांनी नवं ॲप काढण्याऐवजी आहे त्याच्या देखभालीला पैसा द्यावा. मराठी भाषांतर करा, नेट नसलेल्या उपकेंद्रात सापडलेले बग नीट लिहून कळवा, तीही मोठी मदत आहे. पण पगारी डेव्हलपर लागतोच, नुसत्या स्वयंसेवकांवर दवाखान्याचं सॉफ्टवेअर चालत नाही.

दोन-चार संस्थांनी मिळून डेव्हलपर ठेवायचा असेल आणि पैसा परदेशी असेल, तर सांभाळा. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर तो निधी दुसऱ्या संस्थेला वर्ग करता येत नाही, प्रशासकीय खर्चालाही २० टक्क्यांची मर्यादा आहे. मी सीए नाही, तुमच्या सीएंना विचारूनच ठरवा.

कंपनीला लोगोच हवा असेल, तर बहमनीत तो कॉन्फिगरेशनमधून बदलता येतो, कोडला हात लावावा लागत नाही. हे त्यांना आधी दाखवा. तरी ऐकलं नाही, तर करारात दोन गोष्टी लेखी घ्या: प्रत्येक बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवायचा, आणि देखभालीचा स्वतंत्र खर्च किमान तीन वर्षांचा. तोंडी आश्वासनावर थांबू नका, तिथला अधिकारी बदलला की कुणी ओळख देत नाही.