कार्बनची सायकल घेऊ का?

प्रश्न : ताई, मी म्हापशाचा, वय 43. रविवारी साठ-सत्तर किलोमीटर सायकल चालवतो. ॲल्युमिनियमची रोड बाइक बघायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, दुप्पट पैसे घाला नि कार्बनचीच, म्हणजे कार्बन फायबरच्या फ्रेमची घ्या. घालू का?

उत्तर : घालू नका, निदान आत्ता तरी. दोन फ्रेममधला फरक साधारण किलोभराचा, कधी त्याहूनही कमी. तुम्ही नि सायकल मिळून 80 किलो धरा. चोर्ला घाटात 40 मिनिटं चढलात, तर वाचेल जेमतेम अर्धा मिनिट. रायबंदरच्या सपाट रस्त्यावर तेवढंही नाही.

कार्बन हादरे शोषतो, हे खरं. पण 25 ऐवजी 28 मिलिमीटर रुंदीचे टायर घालून हवा थोडी कमी ठेवलीत, तरी पाठीला तो आराम मिळतो.

आणि आपली खारी हवा! कार्बन गंजत नाही, पण त्याला टेकलेलं ॲल्युमिनियम खाऊन टाकतो. माझ्या कार्बन फ्रेममधली ॲल्युमिनियमची सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, दोन पावसाळे तशीच राहिली. मग काढायला गेले तर हलेना. शेवटी निघाली तेव्हा अंगभर पांढरी भुकटी, खोल ओरखडे. जीव हळहळला. आता दर दोन महिन्यांनी काढते, पुसते, कार्बन पेस्ट लावते आणि बोल्ट टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने), छापलेल्या आकड्याइतकाच आवळते.

ॲल्युमिनियमची घ्या, फोर्क (पुढचं चाक धरणारा दुबेळका) मात्र कार्बनचा आहे ना, तेवढं दुकानातच बघून घ्या.