पुण्याची मूळ वस्ती नदीकाठी नेमकी कुठे होती?

आजच्या कसबा पेठेत. मुठेचा काठ एका बाजूला, नागझरीचा ओढा दुसऱ्या बाजूला. शनिवारवाडा वगैरे फार नंतरचं, 18व्या शतकातलं. राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या इ.स. 758 आणि 768च्या ताम्रपटांत या भागाचा उल्लेख आहे. पाताळेश्वराची लेणीही साधारण त्याच काळातली.

नदीकाठ का? डेंगळे पुलाजवळच्या कुंभारवेशीकडे बघा. मडकी घडवायला चिखल मळायचा, म्हणजे पाणी हाताशी हवंच. तांबटांची आळीही कसब्यातच, ठोक्यांचा आवाज अजून येतो. 1630च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने गाव उद्ध्वस्त केलं, गाढवांचा नांगर फिरवला असं सांगतात. पुढे जिजाबाईंनी बाल शिवाजीराजांसह येऊन ते पुन्हा वसवलं.