पुण्यात आल्यापासून कुरळे केस पिंजारलेले राहतात. केराटिन करून घ्यावे का?

नोकरीनिमित्त पुण्यात आल्यापासून आपले कुरळे केस सतत पिंजारलेले राहतात, हेल्मेटखाली त्यांचा आकार उरत नाही आणि पार्लरमध्ये केराटिन, म्हणजे द्रावण लावून आणि उष्णता देऊन केस सरळ करण्याचा उपचार, करून घेण्याचा सल्ला मिळाला आहे, असे आपण लिहिले आहे. रोज सकाळी केस नीट विंचरूनच बाहेर पडते, असेही आपण म्हणता. माझे केस जन्मतः कुरळे आहेत आणि मी पुण्यातच राहते, म्हणून स्पष्टच सांगते: केराटिनचा विचार तूर्त बाजूला ठेवावा आणि कोरडे केस विंचरणे आजपासून बंद करावे.

टाळूतून पाझरणारे तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरते, पण वळणावळणाच्या केसावर ते मुळाशीच अडून राहते. त्यामुळे टाळू तेलकट आणि टोके रुक्ष अशी स्थिती कुरळ्या केसांत नेहमीची असते. दुसरे असे की, केसांतील प्रथिनांचे काही बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. म्हणजे वाळेपर्यंत बटा ज्या आकारात राहतील, तोच आकार पुढच्या धुण्यापर्यंत बऱ्याच अंशी टिकतो. वाळलेल्या केसांतून कंगवा फिरवला की जुळलेली बट सुटी होते, एकेक केस वेगळा उभा राहतो आणि काही तुटतातही. घरातील वडीलधारी मंडळी ‘झिपऱ्या’ म्हणून ज्यांची संभावना करतात, ते केस बहुतेकदा विंचरल्यामुळेच तसे झालेले असतात.

म्हणून गुंता न्हाताना सोडवावा. शाम्पू फक्त टाळूला लावावा, त्यानंतर कानाच्या खालच्या लांबीला भरपूर कंडिशनर लावून, केस ओले आणि निसरडे असतानाच, बोटांनी किंवा मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर सरकत गुंता काढावा. जाड टर्किश टॉवेलने केस खसाखसा पुसू नयेत. आपल्याकडचा सुती पंचा या कामासाठी उत्तम, त्यात केस नुसते दाबून पाणी टिपावे. केस अजून ओलेच असताना जेल लावून, टोकाकडून मुठीत घेऊन वर चुरगळावेत आणि पूर्ण वाळेपर्यंत त्यांना हात लावू नये. वाळल्यावर जेलमुळे बटा कडक लागतात, त्या तळहातांनी हलकेच दाबल्या की मऊ होतात. या साऱ्यात हात न लावणे हेच सर्वांत अवघड जाते.

जेल विकतच घ्यायला हवे असे नाही. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात उकळावे आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकाइतके दाट झाले की गरम असतानाच पातळ कापडातून गाळावे. गार झाल्यावर ते गाळले जात नाही. फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवावे. शिकेकाईची पूड मात्र थेट लावू नये, कारण तिचे कण बटांत अडकतात आणि ते काढताना पुन्हा गुंता होतो; वापरायचीच असेल तर उकळून, गाळून तिचे पाणी घ्यावे. खोबरेल तेलाबद्दल इंटरनेटवर उलटसुलट मते वाचायला मिळतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती, तेव्हा केसांतील प्रथिनांची झीज खोबरेलामुळेच लक्षणीय कमी झाल्याचे आढळले, कारण ते केसाच्या आत शिरू शकते. मी ते न्हाण्यापूर्वी लांबीला लावते; न्हाल्यावर लावले तर माझ्या बटा चपट्या होतात.

आपण कोणत्या भागात राहता हे लिहिलेले नाही, पण त्याने फरक पडतो. खडकवासल्याचे धरणाचे पाणी तुलनेने मृदू असते, तर उपनगरांतील अनेक सोसायट्यांना बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर भागवावे लागते. नळाच्या तोंडावर पांढरा थर जमत असेल आणि साबणाला फेस येत नसेल, तर त्या पाण्यातील कॅल्शियम केसांवरही बसत आहे असे समजावे. शॉवरला लावायचे छोटे फिल्टर क्लोरीन कमी करतात, पाण्याचा जडपणा सहसा नाही; त्यापेक्षा अधूनमधून ईडीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारे रसायन) असलेला क्लॅरिफाइंग, म्हणजे साचलेला थर काढणारा, शाम्पू वापरणे आणि शेवटचा तांब्या पिण्याच्या, म्हणजे आर. ओ. केलेल्या पाण्याचा घेणे स्वस्त पडते. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा ग्लिसरीन अधिक असलेली क्रीमे टाळावीत, कारण ते हवेतील ओलावा ओढते आणि केस फुगतात.

हेल्मेट अर्थातच घालायचे. ओल्या केसांवर मात्र घालू नये, त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी न्हावे. केस मानेपाशी सैल बांधून त्यावर सॅटिनचा पातळ रुमाल घ्यावा आणि मग हेल्मेट चढवावे. कचेरीत पोचल्यावर ओले तळहात बटांवरून दाबले तरी आकार बराचसा परत येतो.

आता केराटिनविषयी. केस सरळ करणाऱ्या अशा अनेक द्रावणांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याचे वर्गीकरण माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ असे केले आहे. एवढे करूनही परिणाम काही महिनेच टिकतो आणि मुळाशी येणारा नवा केस कुरळाच येतो. त्याच पैशांत कुरळे केस कोरडे असताना कापणारा कारागीर शोधावा, कारण ओला कुरळा केस ताणून कापला तर वाळल्यावर अपेक्षेपेक्षा बराच आखूड दिसतो. जाण्याआधी फोन करून ‘केस धुऊन कापता की तसेच?’ एवढे विचारून घ्यावे.