९९ टक्के अचूक, तरीही नापास?

प्रश्न : आजार ओळखणारी एक एआय प्रणाली '९९ टक्के अचूक' असल्याचं विक्रेते सांगतात. एवढ्यावरून तिला यशस्वी म्हणायचं का?

उत्तर : नाही. आधी तो आकडा उलगडून पाहा. तपासणीला १,००० माणसं आली आणि त्यांतली १० खरोखर आजारी आहेत असं धरा. प्रणालीने सरसकट सगळ्यांना 'निरोगी' ठरवलं, तरी ९९० उत्तरं बरोबर येतात. अचूकता ९९ टक्के आणि सापडलेला रुग्ण एकही नाही! आता दुसरी प्रणाली घ्या. ती १० पैकी ९ रुग्ण पकडते, पण ५० निरोगी माणसांनाही आजारी ठरवते. एकूण चुका ५१, म्हणजे अचूकता ९४.९ टक्के, तरी कामाची हीच. मात्र पक्क्या निदानाची पुढची सोय नसेल, तर त्या ५० जणांच्या जिवाला विनाकारण घोर लागतो. म्हणून विक्रेत्याकडून दोन आकडे वेगवेगळे मागा : रुग्ण किती निसटले आणि निरोगी माणसं किती अडकली. यांतली कोणती चूक कितपत चालेल, हे खरेदीआधी डॉक्टरांनी आणि रुग्णांनी मिळून ठरवावं आणि लिहून ठेवावं.

याहून मोठी फसगत कसोटी निवडतानाच होते. अमेरिकेत वापरात असलेल्या एका प्रणालीवरचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. जादा देखभालीची गरज असलेले रुग्ण निवडणं हे तिचं काम. गरज थेट मोजता येत नाही, म्हणून तिला पुढे होणाऱ्या उपचारखर्चाचा अंदाज बांधायला शिकवलं होतं. पण गोऱ्या रुग्णांइतक्याच आजारी असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांवर मुळात कमी खर्च होत आला होता. साहजिकच प्रणालीने त्यांची गरजही कमी धरली. संशोधकांच्या हिशेबाने ही तफावत दूर केली, तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जातं. खर्चाचा अंदाज बांधण्यात प्रणाली कमी पडली नव्हती. चूक तिच्यापुढे ठेवलेल्या उद्दिष्टात होती, आणि ती माणसांची होती. सरासरी आकड्यात असं काही दिसत नाही. स्त्री-पुरुष, वयोगट, समाजगट यांचे निकाल सुटे करूनच पाहावे लागतात.

प्रश्न : परीक्षांत भरघोस गुण मिळवणारी एआय प्रत्यक्ष कामात का अडखळते?

उत्तर : १९९७ साली 'डीप ब्लू' या संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्हला ३.५–२.५ असं हरवलं. बुद्धिबळात नियम पक्के आणि निकाल स्पष्ट, त्यामुळे यश मोजणं सोपं. कचेरीतल्या कामाला अशी चौकट क्वचितच असते. शिवाय परीक्षेतले प्रश्न प्रशिक्षणाच्या मजकुरात आधीच येऊन गेलेले असू शकतात; मग गुण समजेचे की पाठांतराचे, हे कळत नाही. तुमच्याच कामातली, कुठेही प्रसिद्ध न झालेली शंभरेक प्रकरणं काढा. बरोबर उत्तरं आधी लिहून बाजूला ठेवा. प्रत्येक प्रकरण शब्द बदलून दोनदा विचारा. अर्थ तोच असताना उत्तर फिरलं, तर ते प्रकरण नापास धरा, मग त्यातलं एक उत्तर बरोबर असलं तरी.