दोन क्रीमच्या घटकांची तुलना कशी करायची?

आधी क्रम बघा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणून बहुतेक क्रीममध्ये पहिलं नाव पाण्याचं, म्हणजे ‘अ‍ॅक्वा’. मेख पुढे आहे: 1 टक्क्याहून कमी असलेले घटक कंपनी हव्या त्या क्रमाने लिहू शकते, आणि ही रेघ कुठे पडते ते छापलेलं नसतं. अंदाजासाठी ‘फिनॉक्सीइथेनॉल’ शोधा. युरोपीय नियमांत या प्रिझर्व्हेटिव्हची, म्हणजे क्रीम टिकवणाऱ्या घटकाची, कमाल मर्यादा 1 टक्का आहे. त्याच्याही मागे असलेला गुलाबाचा अर्क (डब्यावर फोटो त्याचाच!) बहुधा नावापुरता. रेटिनॉलचं (‘अ’ जीवनसत्त्वाचं एक रूप) तसं नाही, ते 1 टक्क्याच्या आतही काम करतं. नायसिनामाइड (‘ब3’ जीवनसत्त्वाचं एक रूप) मात्र साधारण 2 ते 5 टक्के लागतं, ते यादीच्या शेपटाला असेल तर फार आशा ठेवू नका.

दोन्ही क्रीमची पहिली पाच-सहा नावं सारखी असतील तर मी स्वस्त घेईन. तरी नेमकी टक्केवारी आणि पीएच (क्रीम किती आम्लधर्मी आहे ते) यादीतून कळत नाही. त्वचा नाजूक असेल तर ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ टाळा. त्या एका शब्दामागे अनेक रसायनं असू शकतात.