न पाहिलेल्या मापाखालची सही

चिरंजीव मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा संध्याकाळी आमच्या झोपाळ्यावर बसून तू मोबाईलमधला तो फोटो दाखवलास आणि विचारलेस, "काका, फोटो तर खराच आहे, फक्त साल जुने आहे. मग यात खोटे काय?" तेवढ्यात तुझी काकू चहा घेऊन आली आणि विषय राहून गेला, म्हणून हे पत्र.

फोटो मी लगेच ओळखला होता. विश्वामित्री नदीचे पाणी दुकानांच्या शटरपर्यंत चढलेले आहे आणि डाव्या कोपऱ्यात जे कडुलिंबाचे झाड दिसते, ते पडून आता दोन वर्षे झाली. 31 जुलै 2019 च्या पावसानंतरचे ते दृश्य तू या पावसाळ्याचे म्हणून, तुमचे ऑफिस ज्याचा प्रचार करते त्याच्या विरोधकाच्या नावावर खपवलेस. पगाराची तुला गरज आहे आणि वडिलांच्या औषधांचा खर्च मला माहीत आहे, म्हणून त्यावर मी काही बोलत नाही. माझे सांगणे एकच आहे: जे स्वतः पाहिले नाही, मोजले नाही, त्याखाली सही करू नकोस. मेसेजखाली सही कुठे असते, असे तू म्हणशील. तो पुढे पाठवणे हीच सही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. 1991 साली मी कालव्याच्या कामावर ओव्हरसियर होतो. आमच्याकडे मेझरमेंट बुक असे, त्याला सगळे एम. बी. म्हणत. त्याची पाने क्रमांकित असतात, पान फाडता येत नाही, नोंद शाईनेच करायची आणि मोजणाऱ्याने स्वतः जागेवर मोजून खाली सही करायची, कारण त्या सहीवर ठेकेदाराचे बिल निघते. मार्चअखेर होती आणि वरिष्ठ म्हणाले, "लिहून टाक, सगळेच लिहितात." मी काँक्रीटच्या अस्तराची जाडी साडेसात सेंटिमीटर लिहिली आणि सही केली. जागेवर गेलो नव्हतो. पहिले पाणी सोडले तेव्हा कालव्याची कड फुटली आणि खालच्या शेतातली तूर गाळाखाली गेली. तुटलेल्या कडेला मी पट्टी लावली, तर जाडी साडेचार भरली.

पुढचे नीट ऐक, कारण तुझ्या फोटोचे उत्तर त्यात आहे. चौकशीच्या अहवालात कारण लिहिले गेले, घुशींची बिळे. बिळे खरोखरच होती. मी डोळ्यांनी पाहिली होती. त्या अहवालातले एकही वाक्य खोटे नव्हते आणि तो अहवाल संपूर्ण खोटा होता. मी गप्प राहिलो. तो शेतकरी बांधावर पायाने गाळ चाचपत उभा होता आणि त्याने मला विचारले, "साहेब, माप तुम्हीच घेतले होते ना?" त्याला मी काय उत्तर दिले ते लिहिण्याची मला आजही इच्छा नाही.

आजकाल सत्याला किंमतच उरलेली नाही, असे तू दोनदा म्हणालीस. हे वाक्य ऐकले की माझा संयम सुटतो. सत्तेपुढे सत्याची किंमत आपल्याच बडोद्यात 1875 साली काय होती ते पाहा. बडोद्यातील इंग्रज रेसिडेंट कर्नल फेयर यांच्यावरील विषप्रयोगाच्या आरोपावरून बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांची चौकशी झाली. सहा जणांच्या आयोगातील तिघा इंग्रजांनी आरोप सिद्ध मानला, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, त्यांचे माजी दिवाण दिनकरराव आणि जयपूरचे महाराज या तिघांनी मानला नाही, आणि सरकारने गैरकारभाराचे कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत केले. पण त्या सहा जणांनी आपापली मते स्वतःच्या नावाने दिली, म्हणून कोण काय म्हणाले ते आज दीडशे वर्षांनीही आपल्याला तपासता येते. आज गेले आहे ते हेच. 2018 साली मुले पळवल्याची म्हणून जी एक चित्रफीत देशभर फिरली, ती कराचीतल्या मुलांच्या सुरक्षिततेच्या जाहिरातीची होती; मोटारसायकलवाला मूल परत आणून सोडतो, तो शेवटचा भाग कुणीतरी कापला होता. तशाच अफवांच्या दिवसांत, 1 जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा संख्येला आली. सही मात्र कुणाचीच नव्हती.

विरोधकाविरुद्ध लिहायचे असेल तर खुशाल लिही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या निकालामुळे प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती शपथपत्रावर द्यावी लागते आणि त्यात खोटे लिहिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तो सही असलेला कागद आहे. तो वाच, दोन्ही बाजूंचा वाच, आणि त्यातले लिही. त्याला वेळ लागतो, हे कारण मला सांगू नकोस.

त्या कालव्यानंतर मी न मोजलेल्या मापाखाली कधी सही केली नाही. त्यासाठी अकरा वर्षांत पाच बदल्या झाल्या, बढती उशिरा मिळाली, आणि मुलाच्या दहावीच्या वर्षी मी घरापासून दोनशे किलोमीटर दूर होतो. तो अजूनही म्हणतो की बाबांना घरापेक्षा एम. बी. प्यारी होती. त्याचे म्हणणे मला मान्य नाही. मी सही करत राहिलो असतो तर घरी असतो, पण त्याचा अभ्यास घ्यायला कोणत्या तोंडाने बसलो असतो? माझे चुकले ते 1991 साली, नंतर नाही. हे मी त्याला पटवून देऊ शकलो नाही, म्हणून कदाचित तुला इतके बजावून सांगतो आहे.

एम. बी.त आकडा चुकला तर तो खरवडून काढता येत नसे. चुकलेल्या आकड्यावर वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, खरा आकडा वर लिहायचा आणि शेजारी स्वतःची आद्याक्षरे घालायची. तू तो फोटो ज्या ज्या ग्रुपवर पाठवलास, तिथे पुसून टाकू नकोस. त्याच्याखाली लिही की हा फोटो 2019 चा आहे, आणि तुझे नाव घाल. ऑफिसात काय म्हणतात ते रविवारी येऊन सांग. मी सकाळी घरीच आहे.

तुझा,
काका