वाचकांचे प्रश्न : इटालियन लढाऊ विमानांच्या मशीनगन खरोखर कुचकामी होत्या का?

प्रश्न : माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून १९४१ साली इरिट्रियातील केरेनच्या लढाईत होते. डोक्यावरून गोळ्या झाडत जाणाऱ्या इटालियन विमानांची धास्ती ते शेवटपर्यंत विसरले नाहीत. अलीकडे मात्र त्या विमानांच्या मशीनगन अगदीच कुचकामी होत्या, असे वाचनात येते. यातले खरे काय मानावे?
– एक वाचक, देवळाली कॅम्प, नाशिक

उत्तर : आपल्या आजोबांची आठवण आणि आपल्या वाचनात आलेले मत, दोन्हींत तथ्य आहे, मात्र दुसऱ्या विधानातला ‘कुचकामी’ हा शब्द आम्हाला मान्य नाही.

पूर्व आफ्रिकेत इटलीचे मुख्य लढाऊ विमान म्हणजे फियाट सीआर ४२ हे दुपंखी विमान. त्यावर, आणि पुढे मॅकी सी २०० व सी २०२ या विमानांवरही, ब्रेडा-साफात कंपनीची १२.७ मिलिमीटरची मशीनगन प्रामुख्याने वापरली जाई. केरेनच्या उघड्या, खडकाळ उतारावर आडोसा शोधणाऱ्या सैनिकाच्या दृष्टीने अर्ध्या इंचाची ती गोळी प्राणघातकच होती. शस्त्राची परिणामकारकता लक्ष्यावर अवलंबून असते, आणि या मशीनगनचा कमकुवतपणा उघडा पडला तो पायदळासमोर नव्हे, तर चिलखती पत्रे व स्वयंरोधक (गोळीचे छिद्र आपोआप बुजवणाऱ्या) इंधन टाक्या असलेल्या विमानांसमोर.

देवळालीत तोफखान्याचा सहवास लाभलेल्यांना हे वेगळे सांगायला नको की, नळीचा व्यास सारखा असला म्हणून मारा सारखा होत नाही. अमेरिकन ब्राउनिंग मशीनगनही १२.७ मिलिमीटरचीच आणि दोन्हींचे वजनही जवळपास सारखे, सुमारे २९ किलो. परंतु अमेरिकन काडतुसाची पुंगळी ९९ मिलिमीटर लांब, तर इटालियन ८१ मिलिमीटर. साहजिकच तिच्यात दारू कमी मावे. त्यामुळे इटालियन गोळी हलकी होती आणि सेकंदाला सुमारे ७६० मीटर वेगाने सुटे, तर अमेरिकन गोळीचा वेग सुमारे ८७० मीटर होता. याच ८१ मिलिमीटरच्या काडतुसासाठी जपानने हो-१०३ ही मशीनगन घडवली, तिचे वजन सुमारे २३ किलोच भरले आणि ती मिनिटाला अधिक गोळ्याही झाडी. म्हणजे लहान काडतूस निवडणे हा स्वतःत दोष नव्हता. लहान काडतुसासाठी मोठ्या काडतुसाच्या मशीनगनएवढे वजन विमानावर लादणे, हा आमच्या मते ब्रेडा-साफातचा खरा दोष होय. तिच्या गोळीत सुमारे ०.८ ग्रॅम स्फोटक भरण्याची सोय होती हे खरे, पण एवढ्याशा स्फोटकाचा विमानाच्या सांगाड्यावर परिणाम मर्यादितच होई.

त्यातच या मशीनगन विमानाच्या नाकावर बसवलेल्या असत आणि फिरत्या प्रोपेलरच्या पात्यांमधून गोळ्या जाव्यात म्हणून त्यांचा मारा पात्यांच्या फेऱ्यांशी जुळवावा लागे. एरवी मिनिटाला सुमारे ७०० गोळ्या झाडणारी मशीनगन अशा जुळणीत सुमारे ५७५ वर येई. नेम धरायला ही मांडणी उत्तम होती, कारण गोळ्या वैमानिकाच्या नजरेच्या रेषेतच जात. पंखांतल्या मशीनगनचा मारा जसा ठरावीक अंतरावरच एकवटतो, तशी अडचण इथे नव्हती. पण दोनच मशीनगन आणि त्याही मंदावलेल्या! ढोबळ हिशेब केला, तर सी २०२ च्या नाकावरील दोन मशीनगनमधून सेकंदाला पाऊण किलोहून कमी वजनाच्या गोळ्या सुटत. हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या सुरुवातीच्या प्रकारातील आठ लहान मशीनगन मिळून तेवढ्याच वेळात सुमारे पावणेदोन किलो, सहा ब्राउनिंग असलेले अमेरिकन लढाऊ विमान पी-४० ई सुमारे साडेतीन किलो, आणि २० मिलिमीटरच्या चार तोफांचे हरिकेन दोन-सी पाच किलोहून अधिक मारा करी. हवाई झुंजीत शत्रू नेमात येतो तो दोन-तीन सेकंदच; तेवढ्यात चार इंजिनांचे बॉम्बफेकी विमान पाडणे दोन मशीनगनना फार जड जाई. सी २०२ च्या नंतरच्या मालिकांत पंखांत ७.७ मिलिमीटरच्या दोन मशीनगन जोडण्यात आल्या, पण त्यांनी फारसा फरक पडला नाही.

मग अधिक मशीनगन का बसवल्या नाहीत? याचे मूळ इंजिनात आहे. सीआर ४२ आणि सी २०० या दोन्ही विमानांना फियाटचे ८४० अश्वशक्तीचे इंजिन होते, तर त्याच काळातल्या हरिकेनचे मर्लिन इंजिन हजाराहून अधिक अश्वशक्तीचे होते. कमी ताकदीच्या इंजिनावर चपळ विमान हवे, तर वजन कुठेतरी छाटावेच लागते, आणि इटालियन अभियंत्यांनी ते शस्त्रांत छाटले.  

जर्मन डीबी ६०१ इंजिन परवान्याने बनवून सी २०२ वर बसवले गेले, तेव्हा वेग मिळाला, पण शस्त्रे जवळपास तीच राहिली. खरा पालट झाला तो १९४३ मध्ये. त्याहून शक्तिमान डीबी ६०५ इंजिन आल्यावर मॅकी सी २०५ च्या पंखांत माउझर या जर्मन कंपनीच्या २० मिलिमीटरच्या दोन तोफा बसल्या आणि फियाट जी ५५ वर तशा तीन तोफा आल्या. या तोफेच्या एकेका स्फोटक गोळ्यात सुमारे १८ ग्रॅम स्फोटक असे, म्हणजे ब्रेडा-साफातच्या गोळीच्या वीसपटीहूनही जास्त. इटालियन वैमानिकांना तोडीस तोड शस्त्र मिळाले ते असे, पण ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीची शस्त्रसंधी जाहीर झाली, तेव्हा ही विमाने त्यांच्याकडे मोजक्याच संख्येने पोहोचली होती.